पावसाळी डोंगर आणि गरम कपडे: थर कोणते, किती, आणि कधी काढायचे?

पाचपाखाडी_ते_पहाड

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तराखंडातली फुलों की घाटी आणि हेमकुंड असा बेत आहे. ठाण्याचे चौघे, नवी मुंबईचे दोघे. पावसात भिजणं कुणालाच नवीन नाही. माहुली, गोरखगड, पेब सगळ्यांचे झालेत. पण तिथे कितीही गारठलं तरी संध्याकाळी लोकल पकडून घरी. तीन हजार मीटरच्या वर आणि चार दिवस ओलं, हे पहिल्यांदाच.

घरात आहे ते: सुती टीशर्ट ढिगाने, हूडवाला जाड स्वेटशर्ट (दुकानदाराने फ्लीस म्हणून दिलेला), आईने विणलेला लोकरीचा स्वेटर, जांभळी नाक्यावरून घेतलेला रेनकोट-पँटचा जोड, एक पॉन्चो, जीन्स.

घ्यायचं मनात आहे ते डाउन जॅकेट. बजेटचा मोठा भाग त्यातच जाईल. घ्यावं का? आणि रेनकोट चांगला असूनही आतून ओला होतो, त्याचं काय करायचं? "चांगल्या कंपनीचं घ्या" एवढंच कृपया लिहू नका, ते दुकानदारही सांगतो.

घाटमाथा

डाउनचे पैसे खिशातच ठेवा. डाउन म्हणजे पक्ष्याची मऊ पिसं. ती फुलून हवा धरून ठेवतात म्हणून ऊब. ओली झाली की त्यांचे गोळे होतात, फुगवटा बसतो आणि हातात राहतं ते दोन कापडांमधलं ओलं भरीत. कोरड्या थंडीला, म्हणजे डिसेंबरात केदारकंठ्याला वगैरे, डाउनला तोड नाही. ऑगस्टात घांघरियात, म्हणजे तुमच्या मुक्कामाच्या गावी, ते एकदा ओलं झालं की परत ठाण्यात येईपर्यंत वाळणार नाही. पाणी न धरणारं म्हणून प्रक्रिया केलेलं डाउन मिळतं, पण ते उशिरा भिजतं इतकंच.

आता हिशोब मांडा. घांघरिया सुमारे ३,०५० मीटरवर आणि हेमकुंड सुमारे ४,३०० वर. मध्ये साडेबाराशे मीटरची चढाई. ढगाळ, दमट हवेत दर हजार मीटरला ५ ते ६ अंश उतरतात असं धरा. म्हणजे सकाळी घांघरियात १३ अंश असेल तर वर ६ च्या आसपास. त्यात पाऊस आणि वारा. हे तापमान फसवं असतं. उणे पाचात बर्फ पडतं, ते झटकून टाकता येतं. सहा अंशात पाऊस पडतो आणि तो अंगात मुरतो.

त्यामुळे तुमचा खरा प्रश्न "किती गरम" असा नाहीये. "कोरडं काय राहील आणि ओलं झालं तरी काय चालेल" असा आहे. त्या हिशोबाने माणशी यादी:

चालताना अंगात: पॉलिएस्टरचा पातळ टीशर्ट, शक्यतो पूर्ण बाह्यांचा. १०० जीएसएमचं (चौरस मीटरला १०० ग्रॅम भरणारं) पातळ फ्लीस. वर पावसाचं जॅकेट, खाली पटकन वाळणारी पँट आणि तिच्यावर पावसाची पँट.

सॅकेत, प्लास्टिकच्या आत: दुसरा पॉलिएस्टर टीशर्ट, कृत्रिम भरणीचं जॅकेट (६० ते ८० जीएसएम भरण पुरते), कानटोपी, मोजे, हातमोजे.

खोलीवर, ज्याला चालताना हात लावायचा नाही असं: थर्मलचा जोड, जाड मोजे, आणि आईने विणलेला तो स्वेटर.

कृत्रिम भरण भिजली तरी पिळून घातली की काही ना काही ऊब देते. डाउनच्या मानाने जड आणि जागाखाऊ आहे, ते मान्य.

सूतगुंडी

घाटमाथांशी सहमत. कापडाच्या बाजूने थोडं लिहिते, कारण बाजारात "फ्लीस", "वूलन", "ड्रायफिट" हे शब्द कशालाही चिकटवतात.

आधी तुमचा स्वेटशर्ट. कॉलरच्या मागची किंवा आतल्या शिवणीतली पट्टी वाचा. त्यावर ६० टक्के कापूस, ४० टक्के पॉलिएस्टर असं काहीतरी सापडेल. आतून घासून लव काढलेलं सुती होजिअरी कापड आपल्याकडे सर्रास फ्लीस म्हणून विकतात. खरं ट्रेकचं फ्लीस १०० टक्के पॉलिएस्टर असतं, बहुधा दोन्ही बाजूंनी लव असते आणि आकाराच्या मानाने हातात अगदी हलकं लागतं. मध्यम मापाचं १०० जीएसएमचं फ्लीस साधारण पाव किलोचं. तुमचा स्वेटशर्ट काट्यावर टाका, त्याच्या दुप्पट भरला तर नवल नाही.

हवेतला ओलावा धागा किती पितो याचे ठरलेले आकडे आहेत. ६५ टक्के आर्द्रतेला, कोरड्या वजनाच्या प्रमाणात, लोकर सुमारे १६ टक्के, कापूस साडेआठच्या आसपास, नायलॉन ४, पॉलिएस्टर ०.४. आकडे बघून लोकर सगळ्यात वाईट वाटेल. पण लोकर वाफ धाग्याच्या पोटात घेते आणि बाहेरून कोरडी लागते. वाफ शोषताना थोडी ऊबही सोडते. शिवाय धागा मुळात कुरळा असल्यामुळे ओला झाला तरी अंगाला चिकटून सपाट होत नाही. कापूस ओला झाला की मऊ पडतो, कातडीला चिकटतो आणि हवेची जागा पाणी घेतं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. एवढ्यावर सुती टीशर्टचा निकाल लागला.

घरी करायची चाचणी: स्वयंपाकघरातला काटा घ्या. कपडा कोरडा तोला. बादलीत पाच मिनिटं बुडवा, हाताने जोर लावून पिळा, परत तोला. फरक म्हणजे तो कपडा डोंगरावर तुमच्या अंगावर ठेवणार असलेलं पाणी. अंगाच्या उष्णतेने १०० ग्रॅम पाणी वाळवायला सुमारे ५८ किलोकॅलरी लागतात. कपड्यात ३०० ग्रॅम पाणी उरलं तर पावणेदोनशे. तेवढी शक्ती नुसतं कापड वाळवण्यात जाते, आणि पाऊस थांबलेला नसतो.

आईच्या स्वेटरबद्दल: "लोकरीच्या दुकानात" मिळणारे बरेचसे गुंडे अ‍ॅक्रिलिकचे असतात. उरलेल्या गुंड्याचा वीतभर धागा चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर. वितळून काळा कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. काही निघालं तरी हाताने विणलेला जाड स्वेटर टाक्यांमध्ये पाणी धरतो, ओझ्याने लांबतो आणि वाळायला दोन दिवस घेतो. तो खोलीवरच घाला. तिथे त्याच्यासारखं सुख नाही.

मेंढरू

पॉलिएस्टरचा एवढा उदोउदो चाललाय म्हणून लोकरीची बाजू मांडतो. धनगराची घोंगडी पिढ्यान्‌पिढ्या पावसात चालत आली आहे. दख्खनी मेंढीची लोकर भरड, विणून दाबलेली. पावसाचा पहिला मारा अंगावरून ओघळून जातो आणि भिजली तरी आत ऊब राहते. तिची अडचण एकच, वजन. सॅकेत घोंगडी घालून कोणी हेमकुंड चढणार नाही.

मरिनो ही मेंढीचीच बारीक, मऊ लोकर, म्हणजे तीच करामत बारीक धाग्यात. १५० जीएसएमचा मरिनो टीशर्ट सलग चार दिवस घातला तरी वास मारत नाही. पॉलिएस्टर पहिल्या संध्याकाळी खोलीतून बाहेर काढायच्या लायकीचा होतो. सहा जण एका खोलीत झोपणार असाल तर हा मुद्दा छोटा नाही.

दोष पण सांगतो: महाग, सॅकच्या पट्ट्याखाली लवकर विरतो, पॉलिएस्टरपेक्षा उशिरा वाळतो. मोजे मात्र लोकरमिश्रितच घ्या. बाकी कुठे काटकसर करायची ती करा.

पाचपाखाडी_ते_पहाड

धागा जाळून पाहिला. मणी झाला. आईला सांगितलेलं नाही.

टीशर्टसाठी फुटबॉलच्या जर्सी चालतील का? आमच्याकडे सोसायटीच्या स्पर्धांच्या पाच-सहा पडल्या आहेत.

सूतगुंडी

धावतील. आतल्या थराला त्याहून जास्त काही लागत नाही. दोन गोष्टी बघा: छातीवर मोठा रबरी छापा नको, कारण त्याखाली घाम अडकतो आणि तेवढाच भाग गार पडतो. आणि खांद्यावरची शिवण जाड असेल तर सॅकचा पट्टा तिथे घासेल. जर्सी उलटी करून घालणं हा फुकटचा उपाय आहे.

पारसिकचा_वारा

रेनकोट आतून का ओला होतो, यावर. जांभळी नाक्याचा जोड प्लास्टिकच्या थराचा असेल तर त्यातून वाफ जातच नाही. घाम आतल्या बाजूला थेंबांनी जमतो आणि लोकांना वाटतं गळतोय. "श्वास घेणारं" जॅकेट घेतलं तर हा त्रास कमी होतो, पण कुठे आणि किती हे समजून घ्या.

वाफ जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. चढताना जॅकेटच्या आत ३० अंशाची दमट हवा असेल तर वाफेचा दाब सुमारे ४२ हेक्टोपास्कल. ठाण्यात ऑगस्टात बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता, म्हणजे सुमारे ३२. फरक फक्त १०. महागडं जॅकेटसुद्धा इथे गुदमरतं. म्हणूनच सह्याद्रीत हजार मीटरच्या खाली जॅकेट घालून चढणं व्यर्थ आहे. जर्सीवर खुशाल भिजा, कोरडा जोड सॅकेत सांभाळा आणि माथ्यावर वारा लागला की साधं विंडचीटर चढवा.

हेमकुंडला बाहेर ६ अंश आणि १०० टक्के आर्द्रता धरली तरी वाफेचा दाब ९ च्या आसपास. फरक ३३. तेच जॅकेट तिप्पट जोराने वाफ बाहेर टाकेल. मात्र बाहेरचं कापड गार असल्यामुळे थोडी वाफ आतल्या बाजूला पाणी होणारच. ते पाणी थेट कातडीला लागू नये म्हणून मध्ये पातळ फ्लीस.

जॅकेट घेताना बघायचं ते. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. ती नसेल तर कापड कितीही भारी असो, पाणी सुयांच्या भोकांतून येतं. पाण्याचा दाब सोसण्याचा आकडा १०,००० मिलिमीटर असला की चिंता नाही. दोन-तीन हजारवालं भुरभुर पावसाला ठीक, पण सॅकच्या पट्ट्याखाली आणि ओल्या दगडावर बसल्यावर झिरपतं. काखेत झिप असेल तर डोळे झाकून ते घ्या. माझ्या मते कापडाच्या आकड्यापेक्षा काखेतली झिप जास्त कामाची. हूडला पुढे ताठ कड हवी आणि मागे आवळायची दोरी. मान वळवली की हूड बरोबर वळला पाहिजे, नाहीतर वळून बघाल तेव्हा आपल्याच टोपीचं अस्तर दिसेल. माप असं की आत फ्लीस आणि भरणीचं जॅकेट घालून दोन्ही हात वर केले तरी कंबर उघडी पडता कामा नये. दुकानात जाताना ते कपडे घेऊनच जा.

पॉन्चो घांघरियाच्या वाटेवर उत्तम, सॅकही झाकली जाते आणि खालून हवा खेळते. वारा सुटला की त्याचं शीड होतं आणि पायाखालचं दिसत नाही. हेमकुंडच्या दगडी पायऱ्यांवर ते नको. घाटीत वारा नसेल तेव्हा साधी मजबूत छत्री या सगळ्यांवर मात करते. हसू नका. हूड डोक्यावर नसला की गळ्यातून वाफ निघून जाते.

सीवूड्सचा_ओलावा

जॅकेटच्या जुन्या दुखण्याबद्दल विचारतो. तीन-चार वर्षांपूर्वीचं जॅकेट कपाटातून काढलं तर आतून पापुद्रे निघतायत, हाताला चिकट लागतंय आणि आंबूस वास. दुरुस्त होतं का?

सूतगुंडी

नाही. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर आहे तो. हवेतल्या ओलाव्याने आणि उबेने त्याचे बंध तुटत जातात, न वापरताही. खाडीकाठच्या घरांत हे लवकर होतं. बागेत घालायला ठेवा.

नवं घेतल्यावर: प्रत्येक ट्रेकनंतर धुऊन पूर्ण वाळवा, घडी करून पिशवीत दाबू नका, हँगरला सैल टांगा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर त्या दर महिन्याला बदला किंवा वाळवा. ओली झालेली पुडी नुसतीच शोभेची.

बुटांचंही असंच. पीयूचा मधला तळवा असलेले बूट दोन-तीन पावसाळे खोक्यात पडून राहिले की वरून नवेकोरे दिसतात आणि डोंगरावर तासाभरात तळवा सुटतो. जाण्याआधी अंगठ्याने तळव्याची कड जोरात दाबा. भेग पडली किंवा चुरा निघाला तर ते बूट नेऊ नका. नेलेच तर सोबत नायलॉनची दोरी आणि चिकटपट्टी न्या.

आणखी एक. जॅकेट ठीक आहे पण वरचं कापड पाणी पितं, गडद डाग पडतात, असं असेल तर तो आतला थर गेलेला नसतो. वरची पाणी झटकणारी प्रक्रिया निपचित पडलेली असते. कापड ओलं राहिलं की वाफ बाहेर जात नाही आणि आत घाम साचतो. उपाय: सौम्य लिक्विडने धुवा, दोनदा खळबळा, वाळवा, मग वर सुती रुमाल ठेवून मंद इस्त्री फिरवा. पाणी शिंपडा. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर झालं. नाही घरंगळले तर वरून मारायचा स्प्रे मिळतो तो मारा. कपडे मऊ करायचं सुगंधी लिक्विड जॅकेटला, फ्लीसला, जर्सीला, कशालाच लावू नका. त्याने धाग्यावर मेणासारखा थर बसतो.

नेरुळ_पूर्व

बायकांच्या बाजूचं कोणी लिहिलेलं नाही म्हणून लिहिते. गटात मुली असतील तर त्यांना वाचायला द्या.

बाहेरचे तीन थर काळजीने निवडले आणि आत सुती किंवा फोमचे कप असलेली ब्रा घातली तर सगळं वाया. फोम स्पंजासारखा पाणी धरतो, पिळता येत नाही आणि छातीवर गार पट्टी बसते. काढता येणारे पॅड असतील तर काढून टाका. पॅड नसलेली पॉलिएस्टर किंवा नायलॉनची स्पोर्ट्‌स ब्रा घ्या, पुढून झिप असेल तर ओली असताना काढणं सोपं जातं. ओली घट्ट ब्रा डोक्यावरून काढताना हात गारठलेले असले की काय होतं ते एकदा घरी बाथरूममध्ये करून पाहा. दोन चालताना, एक कोरडी झोपताना.

अंतर्वस्त्रं सगळ्यांनीच सुती टाळा. मांड्या घासतात त्यांनी पँटच्या आत घोट्यापर्यंतची लेगिंग घालावी. सुती लेगिंग नको, पोहायला किंवा धावायला वापरतात तसल्या कापडाची.

हातमोजे. महागडे वॉटरप्रूफ हातमोजे शिवणीतून गळतात आणि आतलं अस्तर बाहेर उलटतं. पातळ फ्लीसचे हातमोजे घ्या आणि त्यावर भांडी घासायचे रबरी हातमोजे, एक माप मोठे. घाम येतो, पण वारा आणि पाणी दोन्ही अडतं. किराणा दुकानात मिळतात. जॅकेटची बाही रबराच्या वरून खाली ओढा, आत खोचू नका, नाहीतर बाहीवरचं पाणी थेट बोटांपर्यंत.

पाचपाखाडी_ते_पहाड

भांड्याचे हातमोजे, फुटबॉलची जर्सी, छत्री. फोटोत आम्ही कसे दिसू याची कल्पना करतोय.

दोन शंका. चालायला कितपत कपडे घालून सुरुवात करायची? आणि "डोक्यातून निम्मी उष्णता जाते" असं म्हणतात, म्हणजे कानटोपी सतत घालायची का?

दोरबंद

डोकं अंगाच्या साधारण एक दशांश. उष्णताही तेवढ्याच प्रमाणात जाते. निम्मी वगैरे नाही. पण कानटोपी हे सगळ्यात सोयीचं बटण आहे: सॅक न उतरवता काढता-घालता येतं. म्हणून कानटोपी आणि बफ (गळ्यात-डोक्यावर घालायची कापडी नळी) खिशात ठेवा, सॅकेत नको.

हेमकुंडच्या दिवसाचा क्रम लिहितो. कपडे हेच, फक्त वेळेचं गणित.

घांघरियातून निघताना हुडहुडी भरली पाहिजे. जर्सी, वर जॅकेट, काखेच्या झिपा उघड्या. फ्लीस घालायचा मोह होईल, घालू नका. दहा-पंधरा मिनिटांनी सगळ्यांनी एकदा थांबायचं आणि अंगातलं बघायचं. ज्याच्या कपाळावर घाम आहे त्याने काहीतरी काढायचं. चढाची चाल अशी ठेवा की बोलताना वाक्य पूर्ण करता येईल. घाम हा आतून पडणारा पाऊस आहे आणि तो अडवायला कोणतंही जॅकेट चालत नाही.

निम्म्या वाटेनंतर चाल मंदावते, वारा वाढतो. तिथे, गारठायच्या आधी, फ्लीस आत चढवा. पावसात जॅकेट काढायची वेळ येते म्हणून लोक टाळाटाळ करतात. छत्रीवाला इथे देवासारखा. दोघांनी मिळून छत्री धरली की तिसऱ्याचे कपडे कोरडे बदलून होतात.

थांबल्यावर पहिल्या दोन मिनिटांत भरणीचं जॅकेट. "थंडी वाजली की घालू" म्हणालात तर उशीर झालेला असतो. जोराचा पाऊस असेल तर भरणीचं जॅकेट सरळ रेनजॅकेटच्या वरून घाला. थोडं भिजेल, पण आतले थर उघडावे लागत नाहीत. कृत्रिम भरण असल्याचा हा फायदा, म्हणून ते मोठ्या मापाचं घ्या.

वर गुरुद्वारात बूट काढावे लागतात आणि डोकं झाकावं लागतं. ओले मोजे घालून गार फरशीवर उभं राहिलात तर पाय परत गरम होणार नाहीत. कोरडे मोजे आणि कोरडा रुमाल सगळ्यात वरच्या कप्प्यात, वेगळ्या पिशवीत. आत गेल्यावर आधी ओली जर्सी काढून अंग पुसा, कोरडी घाला, मग चहा-खिचडी. उलट क्रम केला की चहा पिऊन बरं वाटतं आणि ओलं तसंच अंगावर राहतं.

सगळ्यात जास्त गारठा उतरताना लागतो, हे फार कमी लोक धरतात. चढताना शरीर भट्टीसारखं पेटलेलं असतं. उतरताना काम निम्म्यावर येतं, पाऊस तेवढाच, शिवाय पोट रिकामं आणि कपडे सकाळपेक्षा ओले. त्यामुळे उतरताना फ्लीस अंगातच राहू द्या आणि दर अर्ध्या-पाऊण तासाला तोंडात काहीतरी टाका. गूळ-शेंगदाणे, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. हातमोज्यांसह उघडेल अशा पिशवीत.

घाटीच्या दिवशी आत खायला-प्यायला काही मिळत नाही आणि आडोसाही जवळपास नाही. तिथे एक थर्मास गटात दोघांमागे एक, गोड चहा.

घाटमाथा

दोरबंदांच्या यादीत लक्षणांची भर घाला.

दोरबंद

हो, राहिलं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशाच्या खाली गेलं की हायपोथर्मिया. डोंगरात थर्मामीटर कोणी लावत नाही, माणसाकडे बघायचं असतं. झिप लावता येत नाही. बोलणं जड, शब्द घरंगळतात. सपाट वाटेवर अडखळतो. नेहमी गप्पा मारणारा गप्प होतो किंवा विनाकारण चिडतो. "मी ठीक आहे" असं तो म्हणणारच, त्यावर विश्वास ठेवू नका. साधी चाचणी: अंगठा करंगळीला टेकवायला सांगा.

कुडकुडणं चालू आहे तोवर शरीर लढतंय. कुडकुडणं थांबलं आणि माणूस सुस्त झाला तर ते बरं होणं नाही, गंभीर होणं आहे.

करायचं ते: वाऱ्यातून बाजूला घ्या. खाली सॅक, मॅट, काहीही अंथरा, ओल्या जमिनीवर बसवू नका. आडोसा मिळाल्यावरच ओलं काढा, कोरडं घाला, बाहेरून प्लास्टिक गुंडाळा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम पेय. हातपाय चोळू नका. दारू नको. ११२ ला फोन, आणि शक्य तितक्या लवकर खाली. चार हजार मीटरवर अडखळणं आणि बरळणं उंचीच्या त्रासानेही होतं. कोणतं कारण आहे याचा वाद घालत बसू नका, दोन्हीला खाली आणणं लागतंच.

मेंढरू

सॅकच्या आवरणाबद्दल कोणी बोललं नाही. ते बाहेरचं रंगीत कव्हर पाठीच्या बाजूने उघडं असतं. जॅकेटवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि सॅकच्या मधून आत जातं आणि कव्हरच्या तळाशी तळं साचतं. तळाला छोटं भोक पाडा. खरं संरक्षण आतून: जाड मायक्रॉनची मोठी काळी कचऱ्याची पिशवी सॅकेत अस्तरासारखी घाला, सामान भरा, तोंड पिळून दुमडा आणि रबर लावा. आत कोरडा जोड वेगळ्या झिपच्या पिशवीत. दोन जादा काळ्या पिशव्या न्या, फाटतात.

पाचपाखाडी_ते_पहाड

सगळं काट्यावर तोललं. एका माणसाचं असं झालं:

जर्सी दोन मिळून २७० ग्रॅम. फ्लीस नवं घेतलं, २४०. कृत्रिम भरणीचं जॅकेट ४१०, एक माप मोठं. रेनजॅकेट काखेच्या झिपांसह ३६०. पावसाची पँट २३०. चालायची पँट २८०. थर्मलचा जोड ३५०. मोजे तीन जोड २१०. कानटोपी, बफ, दोन प्रकारचे हातमोजे २००. अंतर्वस्त्रं २००. एकूण पावणेतीन किलो आणि डाउनच्या मानाने पैसे बरेच वाचले. स्वेटर आणि छत्री वेगळी.

बादलीची चाचणीही केली. जर्सी १३५ ची २१० झाली. सुती टीशर्ट १८० चा ३५५. स्वेटशर्ट ६२० चा १,१९०, आणि तो अजून दांडीवर आहे. परवाचा.

रंगीत तालीम म्हणून येत्या रविवारी कळसूबाई ठरवतोय. काय बघायचं?

घाटमाथा

१,६४६ मीटर, म्हणजे ठाण्यापेक्षा आठ-नऊ अंश कमी आणि माथ्यावर वारा. तालमीला योग्य. निघण्याआधी त्या आठवड्यातले जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश आणि हवामान खात्याचा इशारा बघा. रेड अलर्ट असेल तर घरीच बाथरूमच्या फवाऱ्याखाली जॅकेट घालून दहा मिनिटं उभे राहा, तीही तालीमच.

माथ्यावर घड्याळ लावा: भर पावसात ओली जर्सी काढून कोरडी, फ्लीस, भरण, वर जॅकेट, किती मिनिटं? चारच्या आत आलं पाहिजे. शिखरावर झिप उघडताना कोणाची बोटं वळत नाहीत ते बघून घ्या. झिपेच्या सगळ्या टोकांना बोटभर नाडी बांधा, रबरी हातमोज्यात पकडायला. आणि येताना ओल्या कपड्यांनी एसी बसमध्ये बसू नका, सगळ्यात जास्त तिथेच गारठाल.

नेरुळ_पूर्व

आणि एक सवय आत्ताच लावून घ्या: दुसऱ्या दिवशी सकाळी ओलीच जर्सी परत घालायची. नको वाटतं, शहारा येतो, पाच मिनिटांत अंगाच्या उबेने सरावते. कोरडी चढवलीत तर ती अर्ध्या तासात भिजेल आणि मग दोन्ही ओल्या.

पाचपाखाडी_ते_पहाड

हे गटाला सांगितल्यावर एक जण म्हणाला, "मग मी येतच नाही." समजूत काढतोय. शेवटचं विचारतो: घांघरियात ओले बूट कसे वाळवायचे? हीटर नसतो असं कळलं.

सूतगुंडी

पूर्ण वाळणार नाहीत, ती आशा सोडा. आतला सुटा तळवा काढून वेगळा उभा करा, नाडी पूर्ण सैल, जीभ बाहेर. वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाने बदला, झोपताना परत बदला. दोन दिवसांचे पेपर पुरतात, ठाण्यातूनच न्या. शेकोटीजवळ किंवा चुलीजवळ ठेवू नका, गोंद सुटतो. सकाळी पायाला, खास करून बोटांच्या मध्ये, व्हॅसलीनचा जाड हात, मग लोकरीचे मोजे, मग ओले बूट.

मेंढरू

मराठी पेपर घ्या. रात्री वाचूनही होतील.